कुलूप लावायला एक ठराव पुरला

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड काउंटी आहे, साधारण आपल्या जिल्ह्यासारखी. तिथल्या फार्मव्हिल गावात रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूल नावाची कृष्णवर्णीय मुलांची विटांची एकमजली शाळा होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तिच्या आवारात तीन लांबट खोपटी उभी राहिली. लाकडी सांगाडा आणि त्यावर ठोकलेला डांबरी कागद, एवढंच बांधकाम. रस्त्याने जाणाऱ्यांना ती कोंबड्यांची खुराडी वाटायची. आत ऊब यावी म्हणून लोखंडी शेगडी होती. तिच्याजवळ बसलेलं पोर घामाघूम व्हायचं आणि खिडकीपाशी बसलेलं अंगावरचा कोट काढायचं नाही. पाऊस लागला की छप्पर गळे, मग मुलं छत्र्या उघडून धड्याला बसत. मूळ इमारत १९३९ सालची, १८० मुलांच्या हिशेबाने बांधलेली. १९५१ मध्ये तिथे ४५० च्या वर मुलं शिकत होती. जिमखाना नाही, जेवणाची खोली नाही, विज्ञानाची प्रयोगशाळा नाही. सभागृहात एकाच वेळी दोन-तीन वर्ग चालायचे, आणि एक वर्ग तर उभ्या असलेल्या जुन्या बसमध्ये भरायचा. गावातल्या गोऱ्या मुलांच्या हायस्कूलला यातल्या कशाचीही वाण नव्हती.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये 'वेगळे पण समान' या तत्त्वावर शिक्का मारला होता, म्हणजे गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या सोयी वेगळ्या ठेवा, पण सारख्या असू द्या. वेगळेपणा दक्षिणेतल्या राज्यांनी काटेकोरपणे पाळला, पण समानतेची झडती घ्यायला कुणी येत नव्हतं. शाळांचा पैसा गोऱ्यांनी निवडलेली गोरी मंडळं वाटत. कृष्णवर्णीय पालकांना मतदानापासून निरनिराळ्या युक्त्यांनी लांब ठेवलेलं असल्यामुळे, शेगडीच्या खोपटाबद्दल जाब विचारायला त्यांच्या हातात विनंतीअर्जाखेरीज काही नव्हतं. मोटनच्या पालक संघाने अर्ज केले, मंडळाच्या बैठकांना हजेरी लावली, आणि दर वेळी पुढची तारीख घेऊन परतले.

शेवटी मुलांनीच हे हातात घेतलं. बार्बरा जॉन्स ही १६ वर्षांची विद्यार्थिनी. मार्टिन लूथर किंग यांच्या आधी अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीच्या डेक्स्टर अव्हेन्यू चर्चमध्ये धर्मोपदेशक असलेल्या व्हर्नन जॉन्स यांची ती पुतणी. तिने भरवशाची मोजकी मुलं गोळा केली आणि काही महिने कानोकान खबर न लागू देता आखणी केली. घरी सांगायचं नाही, शिक्षकांना तर मुळीच नाही, कारण कट कळला असता तर पहिली कुऱ्हाड त्यांच्याच नोकरीवर पडली असती. २३ एप्रिल १९५१, सोमवार. मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना फोन गेला की तुमची काही मुलं बस स्टँडवर अडचणीत सापडली आहेत. ते धावत गेले. लगेच वर्गावर्गांत चिठ्ठ्या फिरल्या : सगळ्यांनी सभागृहात जमावं. खाली 'जे' ही सही, मुख्याध्यापक करत तशीच. पडदा सरकला तेव्हा व्यासपीठावर बार्बरा उभी होती. तिने शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि मुलांसमोर संपाची हाक दिली. त्याच दिवशी शाळा ओस पडली आणि संप दोन आठवडे चालला.

या आखणीकडे मी पुन्हा पुन्हा वळते, कारण तिच्यात सगळ्यांत जास्त विचार झाला आहे तो माणसं वाचवण्याचा. मुख्याध्यापक शाळेत नव्हते, शिक्षकांना बाहेर काढलेलं होतं, म्हणजे जबाबदारी कुणा मोठ्यावर ढकलायला जागाच उरली नाही. तरीही मंडळाने जोन्स यांना पुढच्या वर्षी ठेवलं नाहीच. बार्बरालाही सुरक्षिततेसाठी माँटगोमेरीला काकांकडे पाठवावं लागलं.

संपाच्या पहिल्याच दिवशी मुलांनी राज्याच्या राजधानीत, रिचमंडला पत्र लिहिलं. तिथे ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे दोन वकील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेचे खटले चालवत. दुसऱ्या एका कामाला जाता जाता बुधवारी ते फार्मव्हिलला थांबले. फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात मुलं जमली होती. चर्चचे धर्मोपदेशक फ्रान्सिस ग्रिफिन पहिल्या दिवसापासून त्यांच्या पाठीशी होते. मुलांचं मागणं होतं, चांगली इमारत द्या. वकिलांनी सांगितलं की नुसत्या इमारतीसाठी आम्ही आता खटला घेत नाही, वेगळेपणाच रद्द करा असं मागणार असाल आणि आईवडील पाठीशी उभे राहणार असतील, तरच पुढे जाऊ. संस्थेचं हे धोरण नवं होतं. १९५० मध्ये विद्यापीठांतल्या प्रवेशाचे दोन खटले जिंकल्यावर त्यांनी समान सोयींची मागणी सोडून थेट मुळावर घाव घालायचं ठरवलं होतं. कारण साधं होतं. इमारत मागितली की मंडळ इमारत बांधून मोकळं होतं. मग प्रयोगशाळेसाठी दुसरा खटला, बससाठी तिसरा. एकेका काउंटीत असं भांडत बसायचं तर पिढ्या सरल्या असत्या.

संपाला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, २३ मे १९५१ रोजी, ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. यादीत पहिलं नाव नववीतल्या डोरोथी डेव्हिसचं, म्हणून खटला 'डेव्हिस विरुद्ध प्रिन्स एडवर्ड काउंटीचं शाळा मंडळ' या नावाने ओळखला जातो. पुढच्या वर्षी तीन न्यायाधीशांच्या पीठाने सोयी समान करा असा आदेश दिला आणि वेगळेपणा मात्र कायम ठेवला. वकिलांनी तळघरात मुलांना सांगितलेलं तंतोतंत खरं ठरलं. काउंटीने झपाट्याने पैसे उभे केले आणि १९५३ मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी नवं कोरं हायस्कूल उघडलं. दोन वर्षांपूर्वी मुलांनी मागितलं होतं ते हेच. पण आता मागणं पुढे गेलं होतं. खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि कॅन्सस, साउथ कॅरोलिना, डेलावेअर इथल्या खटल्यांसोबत 'ब्राउन' या एका नावाखाली ऐकला गेला.

१७ मे १९५४ चा तो निकाल सर्वांना ठाऊक आहे : नऊही न्यायाधीश एकमताने म्हणाले की सार्वजनिक शिक्षणात 'वेगळे पण समान' याला थारा नाही. त्यापेक्षा ३१ मे १९५५ चा दुसरा निकाल बारकाईने वाचावा. अंमलबजावणी कधी आणि कशी, हे त्यात आहे. न्यायालयाने तारीख दिली नाही. योजना शाळा मंडळांनी करायची, देखरेख स्थानिक संघीय न्यायालयांनी ठेवायची, आणि गती कोणती, तर विचारपूर्वक साधता येईल तेवढी. याचा व्यवहारातला अर्थ असा झाला की काउंटीगणिक कुणा ना कुणा आईवडिलांनी पुन्हा दावा लावायचा. साउथ कॅरोलिनातल्या खटल्यात ज्यांचं नाव पहिलं होतं त्या हॅरी ब्रिग्ज यांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली होती आणि त्यांच्या पत्नीचीही मोटेलमधली. ही बातमी दक्षिणेतल्या प्रत्येक कृष्णवर्णीय घरात पोहोचलेली असताना पुढचा दावा लावायचा होता.

व्हर्जिनियाने त्यावरही बंदोबस्त केला. १९५६ मध्ये सिनेटर हॅरी बर्ड यांनी सर्व शक्तीनिशी विरोधाची हाक दिली आणि विधिमंडळाने कायद्यांची चळतच मंजूर केली. एका कायद्याने मुलांची शाळा ठरवायचा अधिकार स्थानिक मंडळाकडून काढून राज्याच्या समितीकडे नेला. शाळा बदलायची तर तिच्याकडे अर्ज करायचा. नकार देताना वर्णाचा उल्लेख करायची गरजच नव्हती. अंतर आहे, गुण आहेत, वर्गात जागा नाही, अशी कितीतरी कारणं हाताशी होती. नकारावर अपील, मग सुनावणी, आणि न्यायालयात जायचं तर आधी ही सगळी पायरी चढून या. तोवर पोर पुढच्या इयत्तेत गेलेलं असायचं. दुसरा कायदा याहून सरळ होता : जी गोरी शाळा एकाही कृष्णवर्णीय मुलाला न्यायालयाच्या आदेशाने घेईल, ती राज्य बंद करील.

सप्टेंबर १९५८ मध्ये फ्रंट रॉयल, शार्लट्सव्हिल आणि नॉरफोक इथल्या शाळा खरोखरच बंद झाल्या. नॉरफोकमध्ये सुमारे १०,००० मुलं घरी बसली, त्यातली बहुतेक सगळी गोरी, कारण कुलूप गोऱ्यांच्या शाळांना लागलं होतं. हा डाव त्यामुळेच फसला. गोरे पालक आणि व्यापारी हवालदिल झाले, १९ जानेवारी १९५९ ला राज्याच्या आणि संघीय अशा दोन्ही न्यायालयांनी हे कायदे फेटाळले, आणि २ फेब्रुवारीला नॉरफोकच्या शाळा १७ कृष्णवर्णीय मुलांसह उघडल्या. पाच महिन्यांत निकाल लागला.

प्रिन्स एडवर्डमध्ये मात्र पाच वर्षं लागली. तिथल्या पुढाऱ्यांनी गोऱ्या मुलांची सोय आधी केली होती, हे त्याचं कारण.

 काउंटीचा कारभार निवडून आलेलं सुपरवायझर मंडळ पाहतं. शाळा मंडळ वेगळं, पण त्याच्याकडे स्वतःचा कर नाही. पैसा सुपरवायझर देतील तेवढा. ब्राउन निकालानंतर या मंडळाने शाळांचा पैसा वर्षाऐवजी महिन्याच्या महिन्याला सोडायला सुरुवात केली, म्हणजे आदेश आलाच तर पुढच्या महिन्यापासून नळ बंद करता येईल. त्याच सुमारास खाजगी शाळा चालवण्यासाठी एक प्रतिष्ठानही नोंदवून ठेवलं. मे १९५९ मध्ये अपील न्यायालयाने सप्टेंबरपासून शाळा एकत्र करा असं बजावलं आणि जूनमध्ये सुपरवायझर मंडळाने पुढच्या वर्षासाठी शाळांना काहीही द्यायचं नाही असं ठरवलं. कुणाला प्रवेश नाकारला नाही, दारात पोलीस उभे केले नाहीत. अंदाजपत्रकातली एक रक्कम गेली आणि काउंटीतल्या सगळ्या सरकारी शाळा बंद झाल्या.

गोऱ्या मुलांची शाळा वेळेवर भरली. सुमारे १,५०० मुलांचे वर्ग चर्चमध्ये आणि मिळेल त्या इमारतीत बसले. बहुतेक गोरे शिक्षकही तिकडे गेले. पहिलं वर्ष देणग्यांवर निघालं. दुसऱ्या वर्षापासून सरकारी पैसा दोन वाटांनी आत येऊ लागला. राज्य खाजगी शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलामागे १२५ किंवा १५० डॉलर देई. त्यात काउंटीने १०० घातले. म्हणजे प्राथमिकला २२५ आणि हायस्कूलला २५०. दुसरी वाट करातून. खाजगी शाळेला देणगी द्या आणि मालमत्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट घ्या. अनुदान वर्ण न पाहता कुणालाही मिळेल असं कागदावर लिहिलेलं होतं. पण ते घेऊन जायला कृष्णवर्णीय मुलांना काउंटीत एकही शाळा नव्हती. सार्वजनिक शाळेचा पैसा सार्वजनिक शाळा बंद करून खाजगी शाळेला कसा पोचवायचा, याचा हा पुरा आराखडा होता. तो बनवणाऱ्यांनी डोकं लावलं होतं हे मान्य करावं लागतं, आणि म्हणूनच राग जास्त येतो.

कृष्णवर्णीय मुलं होती सुमारे १,७००.

त्यांचं काय झालं ते वयाप्रमाणे बघावं लागतं. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांतली साठेक मुलं नॉर्थ कॅरोलिनातल्या किट्रेल कॉलेजने घेतली. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सेवा समितीने आणखी काही डझन मुलांना दूरच्या राज्यांत अनोळखी कुटुंबांकडे ठेवून शाळेत घातलं. पंधरा-सोळा वर्षांचं पोर शेकडो मैलांवर परक्याच्या घरी राहायचं आणि सुट्टीला घरी आलं की धाकटी भावंडं रिकामी बसलेली बघायचं. ज्यांचे मामा-मावशी शेजारच्या काउंटीत होते ती मुलं तिकडे गेली. तिथल्या शाळा रहिवाशांनाच घेत, म्हणून काही पालकांनी हद्दीपलीकडे पडकं घर भाड्याने घेतलं. पहाटे मुलांना तिथे नेऊन सोडायचं, बस आली की आपण याच घरात राहतो असं दाखवत मुलांनी चढायचं. गाडी नसलेल्याला यातलं काहीच जमत नव्हतं. काउंटी शेतीची, मुख्य पीक तंबाखू. थोराड मुलं शेतात आणि कामावर गेली. ती परत वर्गात बसली नाहीत.

सगळ्यांत वाईट गत झाली ती शाळेचं तोंडच न पाहिलेल्यांची. सप्टेंबर १९५९ मध्ये सहा वर्षांचं असलेलं मूल पहिलीत जाणार होतं. शाळा पुन्हा भरली तेव्हा ते दहा वर्षांचं झालं होतं. मधल्या काळात चर्चच्या तळघरांत, घरांच्या ओसरीवर बायकांनी वर्ग चालवले. त्यांना मुद्दाम शाळा म्हटलं जात नसे, केंद्रं म्हटलं जाई. कारण शाळा म्हटलं की काउंटीचे वकील न्यायालयात उठून सांगणार, बघा, यांचीही सोय झाली.

याच कारणासाठी कृष्णवर्णीय पालकांनी आणखी अवघड असा एक नकार दिला. गोऱ्यांच्या पुढाऱ्यांनी कृष्णवर्णीय मुलांसाठीही खाजगी शाळा काढून देऊ असा प्रस्ताव ठेवला. घरात पोर रिकामं बसलेलं असताना त्या शाळेला नाही म्हणायचं! पण हो म्हणणं म्हणजे वेगळी शाळा आपल्या सहीने मान्य करणं आणि अनुदानाच्या साऱ्या व्यवस्थेला कायदेशीर आधार देणं. पालकांनी नकार दिला. आपल्या पोरांची वर्षं त्यांनी पणाला लावली हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांना दोष देणारे तेव्हाही होते. मला वाटतं, दोष द्यायचाच तर असा पेच समोर ठेवणाऱ्यांना द्यावा.

खटला मात्र कोर्टाकोर्टांतून फिरत राहिला. १९६१ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी सरकारी शाळा बंद असेपर्यंत अनुदान आणि करसूट थांबवा असं सांगितलं. पुढच्या वर्षी ते म्हणाले, बाकी राज्यात शाळा चालू असताना इथे बंद ठेवता येणार नाहीत. १९६३ मध्ये अपील न्यायालयाने ते फिरवलं, आधी राज्याच्या न्यायालयाचं मत येऊ द्या म्हणून. राज्याच्या न्यायालयाने सांगितलं, काउंटीवर शाळा चालवायचं बंधन नाही. यात चौथं वर्ष सरलं.

१९६३ च्या उन्हाळ्यात फार्मव्हिलच्या रस्त्यांवर निदर्शनं झाली. केनेडी सरकारनेही लक्ष घातलं. माजी राज्यपाल कोलगेट डार्डन यांच्या अध्यक्षतेखाली 'फ्री स्कूल' नावाने एका वर्षासाठी तात्पुरत्या शाळा उभ्या राहिल्या. पैसा देणग्यांतून आला, इमारती काउंटीच्या बंद शाळांच्या होत्या. प्रमुख म्हणून न्यूयॉर्कजवळून नील सलिव्हन आले. १६ सप्टेंबरला १,५०० च्या वर मुलं हजर झाली, त्यात मोजकी गोरी. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीच्या बाकावर बसवलं तर ते लाजून पळून जाईल, आणि चौथीत बसवलं तर त्याला अक्षर लागत नाही. म्हणून इयत्ताच काढून टाकल्या. वयाने जवळच्या मुलांचे गट केले आणि ज्याला जिथवर येतं तिथून पुढे शिकवायला घेतलं. पेन्सिल कशी धरायची इथून काहींची सुरुवात झाली.

२५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. आता खटला ग्रिफिन यांच्या मुलांच्या नावाने होता. काउंटीचा बचाव असा की आम्ही कुणालाच सरकारी शाळा देत नाही, मग भेदभाव कुठे? न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी हेतूवर बोट ठेवलं : काउंटीला शाळा सोडून द्यायची मुभा असू शकते, पण वर्णाच्या कारणासाठी नाही. विचारपूर्वक वेगाची मुदत संपली, असंही त्यांनी लिहिलं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, गरज पडल्यास जिल्हा न्यायालय सुपरवायझर मंडळाला कर बसवून शाळा चालवायला भाग पाडू शकतं, हे स्पष्ट केलं. ज्या तिजोरीतून कुलूप निघालं होतं तिच्यापर्यंत न्यायालयाचा हात पहिल्यांदा पोहोचला. सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या. गोरी मुलं जवळजवळ आलीच नाहीत.

त्याआधी ऑगस्टमध्ये जे घडलं तेही नोंदलं पाहिजे. अनुदान रोखावं असा अर्ज अपील न्यायालयापुढे होता. सकाळी काही आदेश येऊ शकतो हे माहीत असल्याने मंडळाने ४ ऑगस्टच्या रात्री गोऱ्या पालकांना बोलावून सुमारे १ लाख ८० हजार डॉलर वाटून टाकले. दोन वर्षांनी न्यायालयाने हा अवमान ठरवला.

एवढ्या लढ्यानंतर १९६४ मध्ये दक्षिणेच्या ११ राज्यांत गोऱ्यांसोबत शिकणारी कृष्णवर्णीय मुलं जेमतेम एक-दोन टक्के होती. चित्र पालटलं ते पैशाचं टोक उलट्या बाजूने धरल्यावर. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने भेदभाव करणाऱ्याचा केंद्राचा निधी तोडता येऊ लागला आणि १९६५ च्या शिक्षण कायद्याने तो निधी भरघोस झाला. मंडळांना आता गमवायला काहीतरी होतं. त्यांनी नवी वाट काढली, 'निवडीचं स्वातंत्र्य'. व्हर्जिनियातल्याच न्यू केंट काउंटीने निधी टिकवण्यासाठी ऑगस्ट १९६५ मध्ये ती स्वीकारली. पालकांनी अर्जावर शाळा निवडायची. तिथे शाळा होत्या दोनच, एक गोऱ्यांची आणि एक कृष्णवर्णीयांची. २१ बस त्याच त्या रस्त्यांवरून एकमेकींना ओलांडत धावायच्या, ११ एका शाळेच्या, १० दुसरीच्या. तीन वर्षांत एकही गोरं मूल कृष्णवर्णीयांच्या शाळेत गेलं नाही, आणि ८५ टक्के कृष्णवर्णीय मुलं होती तिथेच राहिली. निवडीचा सगळा भार त्याच आईवडिलांवर, ज्यांचा मालक आणि सावकार गोरा होता. २७ मे १९६८ ला सर्वोच्च न्यायालयाने ही योजना अपुरी ठरवली. मंडळाने स्वतः कामाला लागावं, आणि मुलं, शिक्षक, कर्मचारी, बस, इमारती, खेळ अशा प्रत्येक बाबतीत फरक दिसावा, असं बजावलं.

त्यातल्या शिक्षकांबद्दल फार थोडं बोललं जातं. शाळा एक झाल्या तेव्हा बहुधा कृष्णवर्णीयांची शाळा बंद झाली किंवा खालच्या वर्गांची झाली. दोन मुख्याध्यापकांतला राहिला तो गोरा. हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांतल्या अनेकांनी डांबरी कागदाच्या खोपटांत नागरिकशास्त्र शिकवलं होतं.

फार्मव्हिलची ती विटांची शाळा आता संग्रहालय आहे. वॉशिंग्टनच्या संसद भवनात व्हर्जिनियातर्फे उभा असलेला दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांचे सेनापती रॉबर्ट ली यांचा पुतळा डिसेंबर २०२० मध्ये हलवला गेला आणि त्या जागी बार्बरा जॉन्स यांच्या पुतळ्याची निवड झाली. पण काउंटीतल्या त्या १,७०० मुलांच्या वाट्याला आलं ते यापूर्वी, उशिरा. २००३ मध्ये ज्यांचं शिक्षण बुडालं त्यांना मानद हायस्कूल प्रमाणपत्रं दिली गेली. २००४ मध्ये राज्याने त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती सुरू केली. १९५९ मध्ये पहिलीत जाणारं मूल तेव्हा ५१ वर्षांचं होतं. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च त्या शिष्यवृत्तीत होता, आणि ज्यांना तिथून सुरुवात करावी लागणार होती त्यांच्यासाठी हायस्कूलच्या समकक्ष परीक्षेच्या तयारीचाही.